ससे, जाळी आणि शेजाऱ्याची परवानगी

गेल्या अंकात इंग्लंडच्या नॉरफोकमधल्या आमच्या गावच्या हिवाळ्याबद्दल लिहिताना, थंडीत मी फेरेट (बिळात शिरून ससे बाहेर काढणारा, मुंगसासारखा पाळीव प्राणी) घेऊन सशांमागे जाते, असं एक वाक्य जाता जाता लिहून गेले. पत्रं आली ती त्या एका वाक्यावर. मी १९९९ पासून थेटफर्डच्या जवळ राहते, जनावरांच्या दवाखान्यात नर्स म्हणून काम करते आणि ससे, बांध, कुंपणं, कुत्री हे सगळं शेजाऱ्यांकडून शिकले आहे. त्या शिकण्यातून जेवढं सांगता येईल तेवढं सांगते.

प्रश्न : ताई, आम्ही पीटरबरोजवळच्या खेड्यात घर घेतलं. मागे दोन एकर कुरण आहे. सफरचंदाची अकरा रोपं लावली होती, सशांनी सगळ्यांची साल सोलून काढली. शेजारचा शेतकरी म्हणतो, 'मी येऊन ससे मारून देतो.' वर असंही म्हणाला, की तुमचे ससे माझ्या गव्हात येतात, त्यांना आवरणं तुमचं काम आहे. हे खरं का? आणि त्याला होकार दिला तर उद्या आमच्या अंगावर काही येईल का?

तुमचा शेजारी बरोबर बोलतोय. १९५४ च्या पेस्ट्स अ‍ॅक्टखाली जवळजवळ सगळा इंग्लंड आणि वेल्स 'ससे आवरण्याचं क्षेत्र' म्हणून जाहीर झालेला आहे. लंडन शहराचा जुना गाभा, सिली बेटं आणि स्कोकम हे एक छोटं बेट, एवढंच त्यातून वगळलंय. जमीन ज्याच्या ताब्यात, त्यानं तिथले ससे आवरायचे. ते जमण्यासारखं नसेल तर निदान ते बाहेर जाऊन नुकसान करणार नाहीत असा बंदोबस्त करायचा. म्हणजे बंदूक हा एकच मार्ग नाही, कुंपणही चालतं. पण ते नीट घाला. जाळीचं छिद्र ३१ मिलिमीटरपेक्षा मोठं नको, नाहीतर पिल्लं आरपार जातात. उंची पाऊण ते एक मीटर. आणि खालची साधारण १५ सेंटिमीटर पट्टी सशांच्या बाजूला वळवून जमिनीवर पसरा. ससा कुंपणाच्या अगदी पायथ्याशी उकरायला लागतो आणि नखं जाळीवर घासली की नाद सोडतो. दोन पाऊल मागे सरकून उकरावं हे त्याला सुचत नाही. गवत वाढलं की ती पट्टी दिसेनाशी होते आणि कुंपण कायमचं होतं.

नवीन झाडांना प्लॅस्टिकची नळी घाला, ६० सेंटिमीटरची. ज्या झाडांची साल बुंध्याभोवती पूर्ण निघाली आहे ती गेली असं समजा. एका बाजूची साल शिल्लक असेल तर मात्र घाई करून उपटू नका.

आता शेजाऱ्याचं. होकार द्या, पण कागदावर द्या. कोण येणार, कुठली बंदूक, कुठलं कुरण, कधीपासून कधीपर्यंत. त्याचं बंदुकीचं सर्टिफिकेट बघायला मागा. पोलीस देतात ते, पाच वर्षांचं असतं, आणि ते दाखवायला सांगितलं म्हणून इथला कुठलाही जबाबदार माणूस रागावत नाही. बीएएससीसारख्या शिकाऱ्यांच्या संस्थेचा सभासद असेल तर विमा त्यातच असतो, तेही विचारा. आणि त्याआधी घराची कागदपत्रं एकदा वकिलाकडून बघून घ्या. इथे जमीन विकताना शिकारीचा हक्क जुन्या मालकानं स्वतःकडे ठेवलेला असू शकतो. तसं असलं तरी घाबरू नका, १८८० च्या ग्राउंड गेम अ‍ॅक्टनं जमीन कसणाऱ्याला ससे मारण्याचा हक्क दिलाय आणि तो कुठल्याही करारानं काढून घेता येत नाही. हा कायदा झाला तो कुळांसाठी. जमीनदारानं शिकारीसाठी ससे राखायचे आणि कुळाच्या पिकाचा फडशा पडायचा, हे तोवर चालत आलं होतं.

कागद झाला की एक काम स्वतः करा. त्याच्याबरोबर कुरणाला एक फेरी मारा. सार्वजनिक पायवाट कुठून जाते, शेजारच्यांचे घोडे कुठे असतात, मुलं कुठे खेळतात ते बोट दाखवून सांगा. .२२ रायफलची गोळी एवढीशी असते, पण दीड मैलापर्यंत घातक ठरू शकते आणि कडक जमिनीवर किंवा दगडावर आपटली की उसळते. म्हणून जाणकार माणूस सशाकडे नंतर बघतो, आधी सशाच्या मागे काय आहे ते बघतो. मागे मातीचा चढ असेल तरच बार. तुमचा शेजारी फेरी मारताना 'इथे मागे चढ नाही, इथून मी मारणार नाही' असं आपणहून म्हणाला, तर माणूस चांगला आहे.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा आहे. मित्राकडे एअरगन बघितल्यापासून हट्ट धरून बसलाय. आम्ही रेडिंगला राहतो. घ्यावी का? पुढच्या वर्षी नोकरीमुळे स्कॉटलंडला जावं लागेल असं दिसतंय.

त्याला विकत घेता येणार नाही आणि तुम्हाला त्याला भेट म्हणूनही देता येणार नाही; अठरा पूर्ण व्हावी लागतात. चौदा ते सतरा या वयात खाजगी जागेत, जागेच्या मालकाच्या परवानगीनं, एकट्यानं वापरायला कायदा हरकत घेत नाही. चौदाच्या आत असेल तर एकवीस वर्षांवरचं माणूस बरोबर हवं. बंदूक तुमच्या नावावर घ्यावी लागेल आणि घरात ती मुलाच्या हाती सहज लागणार नाही अशी ठेवणं ही तुमची कायदेशीर जबाबदारी आहे. इंग्लंडमध्ये बारा फूट-पाउंड ताकदीपर्यंतच्या एअर रायफलला सर्टिफिकेट लागत नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र २०१६ च्या शेवटापासून लागतं. त्यामुळे सीमा ओलांडण्याआधी तिकडच्या पोलिसांकडे अर्ज करा. आधी सामान हलवू आणि मग बघू, असं करू नका.

घ्यावी का, हे विचारलंत म्हणून सांगते. क्लबात घाला, बंदूक घेऊ नका. वर्षभर त्याला कागदावर नेम धरू द्या. एका नाण्याएवढ्या वर्तुळात, पंचवीस मीटरवरून, बसून, उभ्यानं, वाऱ्यात, दहापैकी दहा छर्रे पडायला लागले की मग सशाचा विषय काढू द्या. नऊ पडत असतील तर नाही. दहावा छर्रा सशाच्या पोटात जातो. हे वाक्य मी पुस्तकातून उचललेलं नाही, त्याबद्दल शेवटच्या उत्तरात लिहिलंय.

प्रश्न : ऑफिसातल्या मैत्रिणीनं लडलोजवळ फेझंटच्या शिकारीत 'बीटर' म्हणून बोलावलंय, नोव्हेंबरातल्या शनिवारी. मी शाकाहारी आहे. जाऊ का? काय करावं लागतं?

बीटर म्हणजे आपल्याकडचे हाकारे. रांग करून झाडीतून, मक्याच्या किंवा केल या कोबीसारख्या पालेभाजीच्या पट्ट्यातून हळूहळू चालायचं, काठीनं बुंध्यांवर टकटक करायची आणि पक्षी पुढे सरकवत न्यायचे. हातात झेंडा देतील, बहुधा जुन्या खताच्या पिशवीचा. तो फडकवला की चटचट आवाज होतो. बंदूकवाले पलीकडे आपापल्या ठरलेल्या खुंट्यांपाशी उभे असतात. शिंग किंवा शिट्टी वाजली की हाका सुरू, परत वाजली की बार बंद. रांगेच्या पुढे जायचं नाही, हा एकच नियम जिवाचा आहे. बाकी सगळं बरोबरची माणसं सांगतात आणि प्रेमानं सांगतात. त्या रांगेत निवृत्त पोस्टमन असतो, शाळेतली मुलं असतात, स्पॅनिअल घेऊन आलेल्या आजी असतात. मला हा देश ऑफिसात कळला त्यापेक्षा त्या रांगेत जास्त कळला.

कपडे : गमबूट, वरून पाणी न शिरणारी पँट. केलच्या पानांवर पाणी साठलेलं असतं, दहा मिनिटांत मांडीपर्यंत भिजायला होतं. शिवाय काटेरी ब्रॅम्बल. दिवस संपला की पाकिटात थोडे पैसे देतात आणि वर पक्ष्यांची जोडी. जोडी नको म्हणालात तर कुणाला वाईट वाटत नाही, दुसरा घेतो.

फेझंटचा मोसम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी, रविवारी शिकार बंद. म्हणून तुमचा शनिवार. पक्षी मात्र पडताना दिसतील, कुत्रा तोंडात धरून आणताना दिसेल, हे मनाशी धरून जा. आणि एक माझं मत, मैत्रिणीला पटेल न पटेल : फेझंट पाळून, वाढवून शिकारीसाठी सोडतात. एका दिवसात शेकड्यांनी पक्षी पाडणाऱ्या महागड्या शिकारींना मी जात नाही. गावच्या दहाबारा जणांनी मिळून चालवलेल्या, पडलेला प्रत्येक पक्षी कुणाच्या तरी घरी शिजणाऱ्या शिकारीला जाते. कुठली आहे ते आधी विचारा.

प्रश्न : सेव्हनोक्सजवळ फिरताना वाटेत ससा बसलेला दिसला. डोळे सुजून मिटलेले, आम्ही हातभर अंतरावर गेलो तरी हलला नाही. आमचा कुत्रा हुंगून आला. धोका आहे का?

तुम्हाला नाही, कुत्र्यालाही नाही. तो मिक्सोमॅटोसिस. माणसाला आणि कुत्र्याला होत नाही. घरी पाळलेला ससा असेल तर मात्र लस आजच्या आज विचारा, कारण तो पिसवांमार्फत पसरतो आणि पिसू कुत्र्याच्या अंगावरून घरात येऊ शकते. दिसलेल्या सशाला उचलून घरी नेऊ नका. जवळच्या वन्यप्राणी मदत केंद्राला किंवा आरएसपीसीए या प्राणिदया संस्थेला कळवा. असे ससे बहुधा वाचत नाहीत. जाणत्या हातानं लवकर सुटका होणं हीच त्याच्यावर दया असते.

योगायोग असा, की हा रोग ब्रिटनमध्ये पहिल्यांदा तुमच्याच बाजूला, केंटमधल्या एडनब्रिजजवळ, १९५३ साली सापडला. दोनेक वर्षांत देशातल्या शंभरातल्या नव्याण्णव सशांचा बळी गेला. शेतकऱ्यांना आधी बरं वाटलं. गहू वाचला. काहींनी तर आजारी ससे मुद्दाम आपल्या शेतात आणून सोडले. तसं करणं मग कायद्यानं गुन्हा ठरलं. पण पुढे काय झालं बघा. चढणीवरचं गवत ससे कुरतडून टक्कल केल्यासारखं आखूड ठेवत. ससे गेले, गवत वाढलं, जमीन सावलीत गेली, थंड पडली. त्या उबदार जमिनीत एक लाल मुंगी राहायची, ती संपली. 'लार्ज ब्ल्यू' नावाच्या निळ्या फुलपाखराची अळी त्या मुंगीच्या वारुळातच वाढते. १९७९ साली ते फुलपाखरू ब्रिटनमधून नाहीसं झालं. पुढे स्वीडनमधून आणून ते पुन्हा वसवलं आणि सॉमरसेटमध्ये कॉलार्ड हिलवर आता ते जूनमध्ये बघायला मिळतं.

आमच्या ब्रेकलँडमध्येही, म्हणजे थेटफर्डभोवतीच्या माळरानात, तेच. इथली जमीन वाळूची, सशांना बिळं खणायला सोपी. फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन राज्यकर्त्यांनी ससे मांसासाठी आणि कातड्यासाठी वाढवले. थेटफर्डजवळच्या जंगलात वॉरनरचं, म्हणजे सशांच्या राखणदाराचं, इ.स. १४०० च्या सुमाराचं दगडी घर अजून उभं आहे. दाराच्या वर भोक आहे, चोर आले तर वरून मारा करायला. एका सशासाठी किल्ला! आज त्याच भागात ससे इतके कमी झालेत, दुसऱ्या एका रक्तस्रावी रोगानं, की निसर्ग राखणारी मंडळी त्यांना आसरा म्हणून फांद्यांचे ढीग रचून देतात. मी शनिवारी एका शेतावर ससे पकडते आणि दुसऱ्या शनिवारी असे ढीग रचायला जाते. मला त्यात विसंगती वाटत नाही. गव्हाच्या बांधावर ससा जास्त झालाय, माळावर कमी पडलाय.

प्रश्न : पोर्टलंडला सहलीला गेलो होतो. दुकानात 'रॅबिट' म्हटलं तर म्हाताऱ्या बाई गप्पच झाल्या. का?

डॉर्सेटमधल्या पोर्टलंड बेटावर तो शब्द अशुभ. तिथे दगडाच्या खाणी. सशांनी पोखरलेली जमीन ढासळून माणसं जातात, असा जुना समज. खाणीत ससा दिसला की कामगार घरी जात. 'अंडरग्राउंड मटन' म्हणा, चालेल.

प्रश्न : शेजाऱ्यानं दाराला ससा अडकवून ठेवला, कातड्यासकट. टाकायला मन होत नाही. खायचा कसा?

आधी त्याला विचारा, कधी मारला आणि कशानं. पोट आतून साफ केलेलं आहे का बघा. नसेल तर आधी ते. काळीज, म्हणजे यकृत, हातात घेऊन बघा : एकसारखं गडद लाल हवं. पांढरे ठिपके असतील तर अख्खा ससा टाकून द्या. डोळे सुजलेले असतील तरी टाका. कान दोन बोटांत धरून ताणा. कोवळ्या सशाचा कान सहज फाटतो, जुन्याचा चिवट असतो. जुना असेल तर दोन तासांखाली शिजत नाही.

कातडं मागच्या पायांपासून मोज्यासारखं ओढून काढायचं, पहिल्यांदा शेजाऱ्यालाच बोलवा, पाच मिनिटांचं काम आहे. मग मागचे दोन पाय, पुढचे दोन, आणि मधली पाठ असे तुकडे. शॉटगननं मारला असेल तर प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपा. जिथे जांभळं रक्त गोठलंय तिथे छर्रा असतो, कधी त्याच्याबरोबर आत गेलेले केसही. तो भाग कापून टाका. रात्रभर मिठाच्या पाण्यात. सकाळी पुसून, पीठ लावून, लोण्यावर तांबूस परता. त्याच भांड्यात लीक, थोडं बेकन, एक बाटली सायडर, चमचाभर मोहरीची पेस्ट, थाइमच्या दोन काड्या. झाकण ठेवून मंद आचेवर. या मांसात चरबी नसतेच, त्यामुळे आच मोठी झाली की दोरखंड होतो. मांस हाडावरून ढकललं तर सुटलं पाहिजे.

प्रश्न : तुम्ही आठवडाभर जनावरांना मलमपट्टी करता आणि सुट्टीच्या दिवशी ससे मारता. रागानं नाही विचारत, पण मन कसं धजतं? — लीड्सहून एक वाचक

हे पत्र मी तीन दिवस टेबलावर ठेवलं होतं.

२००६ च्या सप्टेंबरातली गोष्ट. शेजारच्या आजोबांनी मला त्यांच्या बार्लीच्या कडेला बसायची परवानगी दिली त्याला महिनाही झाला नव्हता. ती परवानगी मिळायलाच दोन वर्षं लागली होती. फाटकं न विसरता बंद करते का, डुकरं बाहेर पडली तर हाकलायला धावते का, हे सगळं त्यांनी न बोलता बघितलं होतं. त्या संध्याकाळी कुंपणापाशी ससा आला. एअर रायफल होती. लांब आहे हे मला कळत होतं, वारा आहे हेही कळत होतं, तरी मी चाप ओढला. छर्रा मागे लागला. ससा मागचे पाय ओढत बिळात गेला.

मी दवाखान्यात अशी जनावरं बघते. आत त्याचं काय होत असेल हे मला नेमकं माहीत होतं, आणि मी भोकापाशी गुडघ्यावर बसून हात घालत होते, खांद्यापर्यंत. लागेना. अंधार पडायला आला तशी आजोबांकडे गेले. ते जेवत होते. ताट तसंच ठेवून उठले, त्यांची जिल, म्हणजे फेरेटची मादी, घेतली, तिच्या गळ्यात सिग्नल देणारा पट्टा बांधला आणि तिला बिळात सोडलं. तो सिग्नल पकडणारी हातातली डबी जमिनीवरून फिरवत गेले. एका जागी डबीचा आवाज वाढला. तिथे दोन फूट खणलं. जिल सशापाशी बसली होती, ससा जिवंत होता. आजोबांनी एका झटक्यात त्याला सोडवला.

मला एक शब्द बोलले नाहीत. फक्त म्हणाले, तू बसली होतीस तिथून कुंपणापर्यंत पावलं मोज. त्रेचाळीस भरली. तेव्हापासून बसले की आधी पंचवीस पावलांवर एक हेझलची काठी रोवते. काठीच्या पलीकडचा ससा माझा नाही, मग तो कितीही निवांत बसलेला असो. बहुतेक संध्याकाळी मी काहीही न मारता घरी येते.

आणि म्हणूनच मला बंदुकीपेक्षा जाळी आवडते. पानगळ झाल्यावर, बिळांत पिल्लं नसतात त्या दिवसांत, सकाळी दोघंतिघं जातो. बोलायचं नाही, पाय आपटायचे नाहीत. बिळाच्या प्रत्येक तोंडावर बटव्यासारखी दोरी असलेली जाळी पसरायची, खुंटी मातीत दाबायची. गवतातलं एखादं तोंड सुटतंच. कुत्रीला कळतं, ती तिथे जाऊन एक पाय उचलून उभी राहते. मग फेरेट आत. काही वेळ काहीच नाही, फक्त दहिवर. नंतर पायाखालून धप्प असा आवाज येतो, तळव्यांना जाणवतो. ससा मागचा पाय आपटून बाकीच्यांना सावध करतोय. त्यानंतर गडगड, आणि जाळी एकदम उडते, दोरी आवळते. हात लगेच तिथे हवा. जाळ्यात सापडलेला ससा जखमी नसतो. काही क्षणांत संपतं सगळं, आणि मादी गाभण किंवा दुधाची निघाली तर मी तिला सोडून देते. आजोबा देत नसत. या एका बाबतीत आमचं कधी पटलं नाही.

मन धजतं का? दर वेळी हाताला थोडा कंप येतो. तो येईनासा झाला तर जाळी गुंडाळून ठेवीन, हे मी घरी सांगून ठेवलंय.

आजोबा आता नाहीत. त्यांच्या जिलच्या वंशातली एक माझ्याकडे आहे. जानेवारीत तुम्हाला लीड्सहून यावंसं वाटलं तर संपादकांमार्फत कळवा. बघायला या, जाळीला हात लावला नाहीत तरी चालेल. पहाटे सहाला निघतो. जाड मोजे दोन जोड आणा.